रुग्ण आणि कायदा – ४ : ‘नको’ कोणी म्हणायचे?

संमती घेतल्याशिवाय डॉक्टरांना उपचार करता येत नाहीत, हे गेल्या आठवड्यात पाहिले. जी गोष्ट विचारून करायची, तिला नकारही देता येतो. पण आपल्याकडे विचारले जाते कोणाला? संमतीपत्र बहुधा रुग्णापर्यंत पोचतच नाही. मुलगा किंवा जावई काउंटरवर उभ्या उभ्या सही करतो. ‘आईला सांगू नका, घाबरेल’ हे वर. बोलणे मायेचेच असते, पण त्या मायेने आईचा हक्क जातो.

१९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित महिला पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरकडे गेली. दुर्बिणीच्या तपासणीसाठी तिला भूल दिली गेली. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले, की रुग्ण सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते; म्हणून आईची संमती ग्राह्य नाही. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हेही न्यायालयाने मान्य केले. तरीही फी नाकारली आणि २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम मला फार तुटपुंजी वाटते. पण रुग्णाच्या भल्यासाठी केले, एवढ्याने तिला न विचारणे माफ होत नाही, हे या निकालाने ठरवले.

जीव वाचवण्यासाठी क्षणाचाही वेळ नसेल, तर गोष्ट वेगळी. लहान मुलांच्या बाबतीत पालक ठरवतात.

खरी कसोटी लागते ती माणसाला बोलताच येत नसेल तेव्हा. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग चार दशके त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांना मरण येऊ द्यावे, अशी मागणी घेऊन लेखिका पिंकी विराणी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अरुणाताईंची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनी विरोध केला. २०११ मध्ये न्यायालयाने या कर्मचाऱ्यांचे ऐकले. दोन्ही बाजूंना अरुणाताईंबद्दल कळवळा होता. त्यांना स्वतःला काय हवे होते, हे मात्र कोणालाच विचारता येत नव्हते.

ही अडचण सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सोडवली. सन्मानाने मरणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला आणि ‘लिव्हिंग विल’ला मान्यता मिळाली. बरे होण्याची आशा उरली नाही, तर व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असे धडधाकट असतानाच लिहून ठेवता येते. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे; त्या भानगडीत कोण पडणार! २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. प्रत्यक्ष उपचार थांबवण्याआधी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे खात्री करून घेतात.

या पत्रात आपल्या वतीने बोलणाऱ्याचे नाव द्यावे लागते. ते कोणाचे द्यावे, आणि पत्राची प्रत महापालिकेत वा पंचायतीत कशी सोपवायची, ते पुढच्या आठवड्यात.