कानावरची गादी

हेडफोन घ्यायला दुकानात गेलेला माणूस काय विचारतो? बास कसा आहे, ब्लूटूथ आहे का, बॅटरी किती तास चालते, वॉरंटी किती. कानाला टेकणाऱ्या त्या दोन गाद्यांविषयी सहसा कोणी चौकशी करत नाही. फार तर बोटाने दाबून बघतात, मऊ लागली की झाले. वास्तविक कान पूर्ण झाकणाऱ्या, पाठीमागून बंद असलेल्या हेडफोनमध्ये आवाज कसा लागेल, याचा बराच मोठा भाग या गादीवर ठरतो.

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात तर या गादीची सख्खी बहीण रोज कामावर जाते. प्रेस शॉपमधला कामगार कानावर चढवतो तो इअरमफ. हेडफोनने आतला आवाज कानापर्यंत पोचवायचा असतो, इअरमफने बाहेरचा अडवायचा असतो. कामे उलट, पण रचना तीच: प्लास्टिकची वाटी, डोक्यावरून जाणारी पट्टी, आणि वाटी व डोके यांच्यामध्ये स्पंज भरलेली रेक्झिनची गादी. म्हणून आज दोघींविषयी एकत्रच बोलू.

सायकलचा पंप आठवा. तोंडावर अंगठा घट्ट धरून दांडा दाबला की आत हवेचा दाब चढतो. अंगठा जरा सैल सुटला की हवा फुस्स करून निघून जाते. बंद हेडफोनमध्ये नेमके हेच चालते. आतला छोटा पडदा मागेपुढे हलतो, वाटी आणि कान यांच्यामधली हवा दाबली जाते, सैल होते, आणि तो दाब आपल्याला आवाज म्हणून कळतो. गादी म्हणजे इथला अंगठा.

आता गंमत अशी, की फट पडली तर सगळा आवाज सारखा कमी होत नाही. खर्जाचा आवाज संथ असतो. ५० हर्ट्झच्या आवाजात हवा सेकंदाला ५० वेळा दाबली जाते. एवढ्या अवधीत तिला बारीकशा फटीतूनही निसटायला वेळ मिळतो. ५,००० हर्ट्झच्या आवाजात हवेला तेवढी सवडच मिळत नाही. त्यामुळे फट पडली की आधी जातो तो खर्ज. तबला ऐकत असाल तर चाटीवरचा ‘ना’ टणकपणे ऐकू येतो, पण डग्ग्याचा घुमार नाहीसा होतो. गाणे पातळ लागते. आपण म्हणतो, हेडफोन बिघडला. तो बिघडलेला नसतो. चष्म्याची काडी गादीखाली अडकलेली असते, किंवा केसांची बट, किंवा कानातले डूल.

ही फट दोन्ही बाजूंनी लुटते. आतला खर्ज बाहेर जातो आणि बाहेरची घरघर आत येते. निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसलात, तर डिझेल इंजिनाची घरघर नेमकी खर्जातलीच असते. म्हणजे डग्गा गेला आणि त्याच्या जागी इंजिन आले. मग माणूस काय करतो? आवाजाचे बटण वर सरकवतो.

आणि इथे प्रकरण आवडीनिवडीचे राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली ऐकण्याच्या उपकरणांसाठी मिळून एक मानक ठरवले. त्यात मोठ्या माणसासाठी आठवड्याचा शिधा सांगितला आहे: ८० डेसिबलचा आवाज ४० तास. डेसिबलचे माप जरा फसवे आहे. तीन डेसिबल वाढले की कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे वेळ निम्मा करायला हवा. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच. जाऊन-येऊन दोन तासांचा बसप्रवास आणि सहा दिवसांचा आठवडा धरला तर बारा तास होतात. इंजिनावर मात करायला ८६ डेसिबलवर गाणी ऐकणाऱ्याचा आठवड्याचा शिधा शुक्रवार संपता संपता खलास. शनिवारचे सगळे उधारीवर, आणि कान ही उधारी कधीच माफ करत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. नीट बसणारी गादी असेल तर तेच गाणे बरेच खाली ठेवूनही पुरते.

गादीचे कापड कोणते असावे, यावर शौकीन मंडळी तासन् तास वाद घालतात. थोडक्यात असे: रेक्झिन किंवा चामड्यातून हवा जात नाही, म्हणून खर्ज भरपूर आणि बाहेरचा आवाज कमी; पण कान घामेजतात. मखमलीतून हवा थोडी खेळते, कान थंड राहतो, मात्र खर्ज हलका होतो आणि बाहेरचे जग थोडे आत येते. याचा अर्थ मखमल वाईट असा नव्हे. बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० हा बंद हेडफोन जगभरच्या स्टुडिओत वापरला जातो आणि त्याला मखमलीचीच गादी असते; कारण त्याचा आवाज ती गादी धरूनच बसवला आहे. उलट टोकाचे उदाहरण सेनहायझरच्या एचडी ४१४ चे. १९६८ साली आलेल्या या हेडफोनला मागे वाटीच बंद नव्हती, आणि कानावर नुसता पिवळा स्पंज. हलका, हवेशीर, पण बसमध्ये निरुपयोगी.

जाडीचेही तसेच. गादी जाड झाली की पडदा कानापासून लांब जातो आणि मधली हवेची जागा वाढते, त्यामुळे मधल्या आणि वरच्या सुरांची चढउतार बदलते. वापरून चपटी झालेली गादी याच्या उलटे करते, आणि शिवाय कानाची पाळी आतल्या जाळीला टेकू लागते. कान दुखण्याचे हे नेहमीचे कारण आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळणारी जाड, गुबगुबीत गादी बसवली की हेडफोन ‘सुधारतो’ असा एक समज आहे. तो सुधारत नाही, वेगळा होतो. कधी बरा, कधी फार वाईट. बदलायचीच असेल तर बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा आकार, जाडी आणि आत ताणलेले पातळ कापड या चारही गोष्टी जुन्याशी जुळवून घ्याव्यात. ते पातळ कापड लोक फाडून टाकतात. तेसुद्धा आवाज बसवण्यासाठी असते.

बाहेरचा आवाज यंत्राने खोडून काढणारे हेडफोन आता सर्रास मिळतात. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. वाटीतला मायक्रोफोन आवाज टिपतो आणि त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडला जातो. मात्र ही करामत मुख्यतः खर्जातल्या आवाजांवर चालते. वरचे आवाज अडवायचे काम तिथेही गादीचेच, आणि गादीला फट असेल तर खर्ज खोडण्याचे कामही अर्धवट राहते.

आता प्रेस शॉपकडे वळू. पत्रा दाबणारी प्रेस, ग्राइंडिंग, हवेचा फवारा मारून पुसले जाणारे जॉब, या सगळ्यांचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली, आणि कारखाने कायद्याच्या सूचित रोगांच्या यादीत आवाजाने येणारा बहिरेपणाही घातला गेला. म्हणून इअरमफ दिले जातात. डब्यावर लिहिलेले असते: ३० डेसिबल. हा आकडा प्रयोगशाळेतला, नव्या गादीवरचा, नीट बसवून मोजलेला.

शेडमध्ये मे महिन्यात काय होते ते वेगळे सांगायला नको. वरून पत्रा तापलेला, रेक्झिनखाली घामाची धार. युरोपीय मानकात इअरमफच्या पट्टीचा दाब १४ न्यूटनपेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. म्हणजे साधारण दीड किलोच्या आतले वजन दोन्ही बाजूंनी डोके दाबत असते. गादी मऊ असेल तर हा दाब सगळीकडे वाटला जातो. गादी कडक झाली असेल तर तोच दाब जबड्याच्या सांध्यावर आणि चष्म्याच्या काडीवर येऊन बसतो. मग कामगार इअरमफ जरा वर सरकवतो, किंवा खाली हातरुमाल घालतो, किंवा गळ्यात अडकवून ठेवतो. सुपरवायझर ओरडतो, आणि त्याला वाटते हा शिस्तीचा प्रश्न आहे. माझ्या मते तो बहुतेक वेळा गादीचा प्रश्न असतो.

हिशेब करून बघा. ३० डेसिबल अडवणे म्हणजे आवाजाची ऊर्जा हजारावा हिस्सा करणे. समजा आठ तासांच्या पाळीत इअरमफ साडेसात तास कानावर होता आणि चालू मशिनसमोर फक्त अर्धा तास काढला. साडेसात तासांत मिळून कानात गेलेली ऊर्जा उघड्या कानाच्या २७ सेकंदांइतकी भरते. आणि काढलेल्या त्या अर्ध्या तासात? पूर्ण ३० मिनिटांची. बेरीज साडेतीस मिनिटे. म्हणजे दिवसभराचे संरक्षण ३० डेसिबलचे उरलेच नाही, ते १२ वर आले. आता दुसरा, साधाच इअरमफ घ्या: २० डेसिबलचा, पण मऊ, पाळीभर न काढता सहन होणारा. तो कामगाराला अधिक वाचवतो. खरेदी विभागाने डब्यावरच्या आकड्यापेक्षा हे बघायला हवे, आणि ते बघायचा मार्ग एकच: चार-पाच कामगारांना नमुने देऊन आठवडाभर वापरून घेणे.

गादी खराब कशाने होते? इअरमफच्या गादीचे वरचे आवरण बहुधा पीव्हीसीचे असते. घाम आणि केसांचे तेल लागून त्यातला मऊपणा आणणारा घटक निघून जातो आणि आवरण कडक होऊन तडकते. हेडफोनवरचे रेक्झिन बहुधा पॉलियुरेथेनचे. त्याचा शत्रू दमट हवा. पाण्याच्या वाफेने त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात. पावसाळाभर कपाटात ठेवलेला हेडफोन दिवाळीत काढला की मानेवर काळे पापुद्रे पडतात ते यामुळे. न वापरताही ते व्हायचेच. ओल्या फडक्याने पुसून, कोरडे करून, हवेशीर ठेवावे. वरून तेल चोळू नये. रोज पाळीला वापरल्या जाणाऱ्या इअरमफची गादी आणि आतला स्पंज साधारण सहा महिन्यांनी, तडा दिसला तर त्याआधीच, बदलावा. बरेच उत्पादक या दोन्ही वस्तू वेगळ्या विकतात; अख्खा इअरमफ टाकावा लागत नाही.

गादी बसते की नाही हे घरीच कळते. खर्जाचे गाणे लावा, दोन्ही वाट्या तळहाताने हलकेच दाबा. डग्गा एकदम फुगला तर आधी फट होती. इअरमफ चालू मशिनसमोर असाच दाबून बघावा. आवाज एकदम उतरला तर गादी गेलेली आहे.

एक शेवटची जागा राहिली, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. कामगारांची श्रवणचाचणी होते तिथला हेडफोनही गादीवरच उभा असतो. ऑडिओमीटरचे प्रमाणीकरण विशिष्ट हेडफोन आणि विशिष्ट गादी यांच्या जोडीवर केलेले असते. टीडीएच-३९ हा फार वापरला गेलेला प्रकार कान झाकत नाही, कानाच्या पाळीवर रबरी गादी दाबून बसतो. तो तिरका बसला तर खर्जातले स्वर ऐकू येत नाहीत आणि कागदावर नसलेला दोष दिसतो. काही जणांच्या, विशेषतः वयस्करांच्या, कानाची नळी या दाबाने आतून मिटते आणि वरच्या स्वरांत खोटा बहिरेपणा उमटतो. कारखान्यातल्या आवाजाची खरी खूण ४,००० हर्ट्झच्या आसपास पडणारी खाच ही असते. ती खरी की गादीने पाडलेली, हे ठरवायचे तर चाचणी पुन्हा करावी लागते. म्हणून चाचणीला बसताना चष्मा आणि कानातले काढावे, केस मागे घ्यावेत, हेडफोन लावल्यावर हाताने सरकवू नये. दुखत असेल तर तंत्रज्ञाला सांगून पुन्हा बसवून घ्यावा. आणि चाचणीआधी किमान १४ तास कान गोंगाटापासून दूर हवेत. तेव्हा ती पाळी संपल्यावर नव्हे, सुटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मशिनवर जाण्याआधी करून घ्यावी, आणि त्या सकाळी बसमध्ये गाणी ऐकू नयेत.