विश्लेषण : सिग्नल हिरवा, पण मागचे चाक जागीच! ड्रॅग रेसमध्ये टायरची पकड कशी वाढते?

आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जातो, मागच्या चाकाखालून धूर निघतो, आवाजाने कान बसतात. तोवर शेजारच्या लेनमधली कमी ताकदीची बाइक पुढे निघून गेलेली असते. हौशी ड्रॅग रेसमध्ये हे दृश्य नेहमीचे आहे. इंजिनावर हजारो रुपये खर्च होतात, पण ती ताकद रस्त्यावर उतरते ती तळहाताएवढ्या रबरातून. पेण-रोह्याच्या बाइकवेड्या तरुणांना जवळची अधिकृत जागा म्हणजे लोणावळ्यापलीकडची अ‍ॅम्बी व्हॅलीची धावपट्टी. ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा तिथेच भरली. तिथे टायरला जी तयारी उपयोगी पडते, तीच घरी परतताना जिवावर बेतू शकते. ती कशी, हे समजून घेऊ.

ड्रॅग रेस म्हणजे नेमके काय?

सरळ पट्टी, दोन गाड्या, थांबलेल्या स्थितीतून सुरुवात आणि पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर अंतर. वळण नाही, दुसरी फेरी नाही. पुढचे चाक सुरुवातीच्या किरणरेषेतून पुढे सरकले की घड्याळ सुरू होते. त्यामुळे पहिल्या काही मीटरमध्ये चाक जागीच फिरले, तर तो वेळ पुढे भरून काढणे कठीण असते. अमेरिकेत १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली आणि या खेळाला नियमांची चौकट मिळाली. भारतात मोटरस्पोर्टचे नियमन ‘एफएमएससीआय’ ही संघटना करते.

मागचे चाक का घसरते?

टायरची पकड दोन गोष्टींवर ठरते : रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षण, आणि त्या चाकावर पडणारे वजन. गाडी झटक्यात पुढे निघाली की वजन मागे सरकते. किती सरकते, हे ढोबळ गणिताने पाहता येते. बाइक आणि चालक मिळून २२० किलो, दोन चाकांमधील अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. गुरुत्वीय त्वरणाच्या निम्म्या त्वरणाने बाइक निघाली, तर सुमारे ५१ किलो भार पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर जातो. उभ्या गाडीत मागे १२० किलो असतील, तर निघताना ते १७१ होतात.

एवढ्या त्वरणासाठी मागच्या चाकाने रस्त्याला सुमारे ११० किलोच्या जोराने ढकलावे लागते. म्हणजेच घर्षणाचा गुणांक किमान ०.६४ हवा. कोरड्या, स्वच्छ डांबरावर तो साधारण ०.७ ते ०.९ असतो. धूळ, बारीक खडी किंवा पाणी असेल, तर तो ०.५ किंवा त्याखाली येतो. म्हणून तीच बाइक एका जागी सुसाट निघते आणि दुसऱ्या जागी चाक फिरवत बसते.

हवा कमी केली की पकड वाढते का?

काही प्रमाणात, होय. दाब कमी झाला की टायर थोडा बसतो आणि रस्त्याला टेकणारा भाग लांबतो. अमेरिकेतील ‘टॉप फ्युएल’ गटातील सुमारे ११ हजार अश्वशक्तीच्या गाड्यांच्या मागच्या टायरमध्ये हवा जेमतेम ७ पीएसआय असते. पण ते टायर त्यासाठीच बनवलेले असतात. त्यांच्या मऊ बाजू निघताना सुरकुततात आणि झटका पचवतात.

रोजच्या वापराच्या टायरमध्ये ही सोय नसते. अनेक १२५ ते १५० सीसी बाइकना एकट्या चालकासाठी मागे २८ पीएसआयच्या आसपास हवा सांगितलेली असते. ती फार उतरवली, तर ट्यूब असलेला टायर जोराच्या झटक्याने रिमवरच सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उखडू शकतो. ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटू शकते. म्हणून अनुभवी स्पर्धक बंद ट्रॅकवर एका वेळी एक-दोन पीएसआय इतकाच बदल करतात आणि प्रत्येक धावेची वेळ लिहून ठेवतात. वेळ सुधारली नाही, तर आधीच्या दाबावर परततात. मोजमाप टायर थंड असतानाच करायचे. टायर १० अंशांनी तापला, तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो आणि तुलना फसते.

गोटा झालेला टायर ‘स्लिक’चे काम करतो का?

नाही. हा सर्वांत धोकादायक गैरसमज आहे. स्पर्धेच्या स्लिक टायरला नक्षी नसते हे खरे, पण त्याची पकड येते मऊ, चिकट रबरातून. झिजून गोटा झालेल्या टायरवर उरते ते जुने, कडक झालेले रबर. कोरड्या रस्त्यावर त्याचा भरवसा नाही आणि पाण्यावर तर नक्षी नसल्याने पाणी बाहेर फेकायला वाटच उरत नाही.

बर्नआऊट कशासाठी करतात?

चाक जागेवर फिरवून टायरवरची धूळ-माती काढणे आणि रबर तापवणे हा त्याचा हेतू. मऊ ड्रॅग टायरला उष्णतेने चिकटपणा येतो. साध्या टायरला मात्र जास्त तापवले की पृष्ठभाग तेलकट होतो आणि पकड उलट घटते. त्याला साफ होण्यापुरते एकदाच, थोडा वेळ फिरवणे पुरते. टायरला चमक आणणारे पॉलिश लावले असेल, तर ते आधी धुऊन काढायला हवे.

चालकाच्या हातात काय असते?

सर्वांत स्वस्त सुधारणा इथेच आहे. क्लच एकदम सोडला की चाक घसरते किंवा पुढचे चाक उचलले जाते. आरपीएम बेताचे ठेवून क्लच अर्ध्यावर धरत सोडला, की ताकद हळूहळू उतरते. चाक फिरत असेल तर बसण्याची जागा किंचित मागे, पुढचे चाक उचलत असेल तर छाती टाकीकडे. चेन स्प्रॉकेट बदलून पिकअप वाढवणारे अनेक जण विसरतात, की त्यामुळे चाकावरचा जोर वाढतो आणि घसरण्याची शक्यताही वाढते.

बाइक खाली बसवणे किंवा मागचा चिमटा लांब करणे यामुळे पुढचे चाक उचलणे कमी होते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल रस्त्यावरच्या नोंदणीकृत वाहनात करता येत नाहीत.

कार असेल तर?

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये ताकद पुढच्या चाकांना मिळते. निघताना वजन मागे सरकते, म्हणजे ओढणारी चाकेच हलकी होतात. तिथे मागच्या टायरवर खर्च करून वेळ सुधारत नाही. लक्ष पुढच्या टायरकडे हवे.

पेण-रोहा रस्त्यावर हा प्रयोग का नको?

ड्रॅग स्ट्रिपवर पट्टी झाडलेली असते, धावांमागून धावांत तिच्यावर रबराचा थर बसतो आणि शेवटी थांबायला मोकळी जागा असते. वडखळ-नागोठणे पट्ट्यात महामार्गावर अवजड ट्रक असतात, धाटाव एमआयडीसीकडे टँकर जात असतात, कडेची माती आणि खडी रस्त्यावर येते. पावसाळ्यात चिखलाची भर पडते. टायर कितीही चांगला असला, तरी खालचा रस्ता दर शंभर मीटरवर बदलतो.

कायदाही स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावल्यास कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाहन विम्याच्या ‘वापराच्या मर्यादां’मध्येही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते.

परतण्याआधी काय करावे?

अ‍ॅम्बी व्हॅलीहून पेणला यायचे तर लोणावळा, मग खंडाळ्याचा घाट आणि खोपोली. रोह्याला जायचे असेल, तर नागोठण्यापर्यंत आणखी महामार्ग. ट्रॅकवर उतरवलेली हवा तशीच ठेवून घाट उतरला, तर वळणावर बाइक डोलते, टायर आतून तापतो आणि एखादा खड्डा थेट रिमला लागतो. म्हणून हेल्मेट आणि ग्लोव्हजइतकेच दाब मोजायचे गेज आणि छोटा पंप सोबत असणे गरजेचे. टायर थंड झाला की कंपनीने सांगितलेला दाब भरायचा. हा आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर आणि माहितीपुस्तिकेत असतो. टायरच्या बाजूंवर चीर किंवा फुगवटा दिसला, तर बाइक टेम्पोत चढवायची. कमी हवेचा टायर ४०२ मीटरसाठी होता, पुढच्या घाटासाठी नाही.