घोडीने कडबा सोडला

घोडीने कुट्टीत तोंड घातले, दोनदा फुरफुरली आणि मान वळवली. तिसरा दिवस. आबांनी कुट्टीवर गुळाचे पाणी शिंपडले, तर ओलसर आणि गोड तेवढे तिने ओठांनी टिपून घेतले, खालचे तसेच गव्हाणीत राहिले. घोड्याचा वरचा ओठ म्हणजे चिमटीच. नको असलेली काडी तो नेमकी बाजूला सारतो.

आबा म्हणजे माझे मोठे काका. धरणगावात ते वरातीसाठी घोडी पाळतात. वैशाखातल्या लग्नांच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या आणि घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. "माजलीय. दोन दिवस उपाशी ठेवा, आपसूक खाईल," असे येणाऱ्या-जाणाऱ्या चौघांनी तरी सांगितले. मला तेव्हाही ते पटले नव्हते, आता तर मुळीच पटत नाही. घोडा बैलासारखा रवंथ करत नाही. त्याचे जठर लहान, 8 ते 15 लिटरचे, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असते. ते शमवणारी लाळ सुटते ती चघळतानाच. गव्हाण रिकामी राहिली की जठराला व्रण पडू लागतात. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. पोटशूळ उठला, तर धडधाकट जनावर एका रात्रीत जाते.

ही घोडी आबांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली होती. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात दूरदूरचे व्यापारी घोडे आणतात. हिला गव्हाच्या भुशाची आणि हरभऱ्याच्या चंदीची सवय होती. आपल्याकडे मिळतो दादर ज्वारीचा कडबा. पहिल्याच दिवशी तो पुढे टाकला, तेव्हाही तिने तोंड फिरवले होते. मग भुशात मूठमूठ कुट्टी मिसळत दहा-बारा दिवसांत तिला वळवली. घोड्याच्या आतड्यातल्या जंतूंनाही नव्या वैरणीची ओळख व्हायला तेवढे दिवस लागतात. त्यानंतर चार महिने ती निमूट कडबा खात होती. म्हणून आताचे हे रुसणे वेगळे होते.

शेवटी आबांनी गल्लीतल्या तात्यांना बोलावले. त्यांचे सारे आयुष्य घोड्यांमागे गेलेले. ते घोडीकडे गेलेच नाहीत, सरळ गंजीकडे गेले. मधली एक पेंढी ओढली, बंध तोडला आणि ती दोन्ही हातांनी फाकवली. बाहेरून पिवळीधमक पेंढी आत राखाडी होती. धुरळा उडाला आणि भिजून सुकलेल्या गोणपाटासारखा वास आला. फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला होता. गंज वरून वाळली, पण आत बुरशी धरली. तात्यांनी ती पेंढी माझ्या नाकाशी धरली. "तिनं नाक तुनापेक्षा चांगलं शे, भाऊ."

मला लाज वाटली. तीन दिवस आम्ही तिला जे खाऊ घालण्यासाठी गूळ शिंपडत होतो, ते तिच्या छातीला आणि पोटाला बाधणारे होते.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र त्या दिवशी मला वेगळे कळले. दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, ही ताकीद त्यात आहेच. पण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, इथपर्यंत राजाचे लक्ष गेले आहे. कडब्याची काळजी ज्याने कधी केली नाही त्याला ते पत्र पुरते समजत नसावे.

निवडून चांगला कडबा दिला, तशी घोडी गव्हाणीवर तुटून पडली. आबांनी हात जोडले. पण थोड्या वेळाने पाहतो तो गव्हाणीखाली लाळेने माखलेले, अर्धवट चावलेले कुट्टीचे गोळे पडलेले. ती घास घ्यायची, मान तिरकी करून चावायची आणि टाकून द्यायची. तात्या एवढेच म्हणाले, "तिले भूक शे, पन तोंड दुखस."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. तिची जीभ एका बाजूला धरून त्यांनी आत विजेरी मारली आणि मला बघायला लावले. घोड्याच्या दाढा जन्मभर वर सरकत राहतात आणि चघळण्याने झिजतात. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने त्या सारख्या झिजत नाहीत. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड पात्यासारखी धारदार होते. हिच्या गालाला आतून लांबट जखम होती. प्रत्येक घासाला तीच जागा कापली जात होती, आणि आम्ही तिला माजलेली म्हणत होतो.

मग लांब दांड्याची कानस तोंडात गेली. तो खरखर आवाज ऐकवत नव्हता. आबा तिच्या कपाळावर तळवा ठेवून उभे होते, मी मोरकी धरली होती. घोडी थरथरली, दोनदा मागे सरली, मग डोळे अर्धे मिटून उभी राहिली. कानशीवर पांढरी भुकटी जमत होती. डॉक्टर मधेच थांबून बोटाने कड चाचपत आणि पुन्हा घासत. शेवटी पाण्याने तोंड धुतले. दोन दिवस भिजवलेला कोंडा आणि मऊ लसूणघास द्यायला सांगितले, दाढा दरवर्षी दाखवायला सांगितल्या.

त्या दोन दिवसांत आम्ही गंज उलगडली. बुरशीच्या पेंढ्या उकिरड्यात गेल्या. उरलेल्या, जमिनीची ओल लागू नये म्हणून, लाकडांवर रचून वर ताडपत्री बांधली. सुपाऱ्यांपैकी दोन आबांनी परत केल्या, एकाचे बोलणेही ऐकून घेतले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुट्टी टाकली. किलोभर सुकी वैरण चघळायला घोड्याला 40 मिनिटे तरी लागतात. आबा बाज ओढून गव्हाणीशेजारीच बसले. घरातून जेवायला दोनदा हाक आली. ते उठले नाहीत. दाढांचा तो सावकाश, भरीव आवाज ऐकत राहिले. गव्हाण तळाला लागली तेव्हा त्यांनी विजेरी घेऊन खाली पाहिले. गोळा एकही नव्हता.