बोलत्या कार्यक्रमासाठी फुकट सॉफ्टवेअर : कोणते घ्यावे, कोणते टाळावे?

शीळफाट्यावर उभे राहिले की मुंब्रा, महापे, कल्याण आणि पनवेल अशा चारही बाजूंच्या ट्रकांचे भोंगे एकदम कानावर येतात. याच गोंगाटात आमचे फर्निचरवाले, वेल्डिंगवाले आणि गॅरेजवाले बंधू दिवसभर धंदा करतात. अलीकडे त्यांच्या घरातील शिकलेली मुले फोनसमोर बसून आपल्या कसबाची माहिती सांगू लागली आहेत. अस्सल सागवान कसे ओळखावे, जुन्या गाडीचे इंजिन घेताना काय पाहावे, असे विषय असतात. हा कार्यक्रम रेडिओसारखाच, फक्त ऐकणारा त्याच्या सवडीने ऐकतो. त्याला पॉडकास्ट म्हणतात. धंद्याला त्याचा फायदा आहे, कारण जो माणूस मोकळेपणाने माल पारखायला शिकवतो त्याच्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते.

मात्र केलेले रेकॉर्डिंग जसेच्या तसे देता येत नाही. त्याचे संकलन करावे लागते, आणि तिथेच आमच्या मुलांचा पाय घसरतो. कोणीतरी पेनड्राइव्हमध्ये महागड्या सॉफ्टवेअरची ‘क्रॅक’ केलेली प्रत आणून देतो आणि ती दुकानाच्या संगणकावर चढते. आमच्या परिचयाच्या एका दुकानदाराने असेच केले. चार दिवसांत त्याच्या साऱ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि पडद्यावर पैशांची मागणी आली. त्याच संगणकात त्याची जीएसटीची बिले आणि दोन वर्षांची उधारी होती. कार्यक्रमाचे राहू द्या, कोणाकडून किती येणे आहे हेच त्याला सांगता येईना.

कायद्याचे भयही खोटे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आले. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड त्यात सांगितला आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारात नसेल तर न्यायालयाला सवलत देता येते. दुकानदाराला ती सवलत कशी मिळणार? शिवाय डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला की व्यापारी नाव, लेखन, शोध यांवरील हक्क हे शरीअतने मान्य केलेले हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण जायज नाही. आपण तराजूला हात लावत नाही, मग दुसऱ्याच्या मेहनतीला का लावावा?

आता ‘फुकट’ या शब्दाचा घोळ पाहू. एक फुकट म्हणजे मालकाने आज पैसे न घेता दिलेले. दुसरे मुक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली. त्याचा आराखडा सर्वांना खुला असतो आणि ते वापरण्याची, बदलण्याची, मित्राला प्रत देण्याची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. धंद्यासाठी वापरले तरी चालते. दोन्ही हलाल, पण फरक मोठा आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली. त्यात चित्रफिती जोडण्याचे व्हिवाव्हिडिओही होते, आणि त्यावर विसंबलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली.

आवाजासाठी आमची शिफारस सरळ आहे : ऑडॅसिटी. हे मुक्त सॉफ्टवेअर अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झाले आणि साध्या जुन्या संगणकावरही चालते. २०२१ मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीने ते घेतले. त्या वर्षी खासगी माहितीच्या धोरणावरून बरीच ओरड झाली आणि कंपनीला मजकूर बदलावा लागला. परवाना मात्र मुक्तच राहिला.

शीळफाट्यावरच्या माणसाला त्यातील सर्वांत उपयोगी सोय म्हणजे गोंगाट कमी करणे. बोलण्याआधी पाच सेकंद गप्प राहून रेकॉर्डिंग करावे. तो तुकडा निवडून ऑडॅसिटीला गोंगाटाचा नमुना द्यावा, मग पूर्ण आवाजावर तीच क्रिया चालवावी. पंख्याची किंवा कॉम्प्रेसरची एकसारखी घरघर त्याने जाते. ट्रकचा भोंगा जात नाही, कारण तो अचानक येतो आणि त्याचा नमुना घेता येत नाही. त्यासाठी दार बंद करावे, फोन तोंडापासून वीतभर ठेवावा, भोंगा आलाच तर थांबून वाक्य पुन्हा बोलावे. भोंग्याचे वाक्य नंतर कापता येते. क्रिया जास्त चालवू नये, नाहीतर माणूस पिंपातून बोलल्यासारखा वाटतो.

फोनमधली फाइल ऑडॅसिटीत उघडली नाही तर एफएफएमपेग नावाची मुक्त जोडणी बसवावी लागते. आणि जुन्या आवृत्तीत प्रकल्पाची फाइल व तिचा डेटाचा फोल्डर वेगळे असत. नुसती फाइल उचलून नेणारे अनेक जण फसले. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सारे एकाच फाइलमध्ये राहते, तेव्हा नवी आवृत्तीच घ्यावी.

चित्रफितीसाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्यावे. दोन्ही मुक्त आहेत. संगणक मंद असेल तर मूळ चित्रफितीची हलकी प्रत करून काम करण्याची सोय दोन्हींत आहे. ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे डाविंची रिझॉल्व्ह ताकदीने यांच्या पुढे आहे. त्याची विनामूल्य आवृत्ती चित्रावर आपला शिक्काही मारत नाही. पण ते मुक्त नाही, आणि त्याला चांगले ग्राफिक्स कार्ड व भरपूर मेमरी लागते. दुकानात बिले करायला घेतलेला संगणक त्याखाली दम तोडेल. आवाज वेगळा रेकॉर्ड करणार असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवा. चित्र आणि आवाज जुळवायला तेवढी खूण पुरते.

सॉफ्टवेअर उतरवताना मूळ संस्थेच्याच संकेतस्थळावरून उतरवावे. शोध घेतला की वरती जाहिराती येतात. त्यांत नकली प्रतीही असतात. कार्यक्रमामागे सिनेमाचे गाणे घालू नये. नातही घालायची तर गाणाऱ्याची परवानगी लागतेच, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

इंग्रजीची अडचण असणाऱ्यांसाठी पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे बोलते पाठ तेथे विनामूल्य मिळतात. पडद्यावरचे चित्र तेच ठेवून आवाज भारतीय भाषांत दिलेला असतो, त्यात मराठी आणि उर्दूही आहेत. ऑडॅसिटीची पाठमाला तेथे आहे. इशानंतर दुकानाचे शटर अर्धे ओढून रोज एक पाठ पाहिला तर पहिला कार्यक्रम कापायला एखादा पंधरवडा लागेल.