ग्राहकासाठी दृक्-आरेखन प्रकल्प : नियोजन आणि विकसन

प्रस्तावना :

दृक्-आरेखन म्हणजे सुबक चित्र काढून देणे, असा समज महाविद्यालयीन वर्तुळातही रूढ आहे. स्मरणिकेचे मुखपृष्ठ किंवा चर्चासत्राचे पत्रक डी.टी.पी. करणाऱ्याकडे सोपविताना 'काहीतरी चांगले करा' एवढीच सूचना दिली जाते. चौथ्या-पाचव्या दुरुस्तीनंतर दोन्ही पक्ष वैतागतात. दोष बहुधा कलाकाराच्या हातात नसून मागणीच्या मांडणीत असतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे विवेचन प्रामुख्याने भारतीय रुपयाच्या चिन्हाच्या आधारे केले आहे.

रुपयाचे चिन्ह :

येथे ग्राहक होते केंद्रीय अर्थ मंत्रालय. २००९ मध्ये त्याने खुली स्पर्धा जाहीर केली. चिन्ह देशाच्या ऐतिहासिक व सांस्कृतिक परंपरेचे द्योतक असावे, तसेच ते संगणकाच्या प्रमाण कळफलकावर वापरता यावे, अशा तिच्या अटी होत्या. पहिली अट अर्थाची, दुसरी वापराची. जाहिरात व्यवसायात ज्यास 'ब्रीफ' म्हणतात, त्या लेखी मागणीपत्राचा हा उत्तम नमुना होय. कारण त्यात आकार कसा असावा हे सांगितलेले नाही, तो कोठे व कशासाठी वापरला जाणार हे सांगितले आहे.

तीन हजारांहून अधिक प्रवेशिकांतून पाच निवडल्या गेल्या. अखेरीस मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक आरेखन केंद्रातील संशोधक डी. उदय कुमार यांची रचना केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली. देवनागरी 'र' आणि उभा दंड नसलेला रोमन 'आर' यांचा तो संयोग आहे. शिरोरेषेमुळे तो भारतीय लिपीचा वाटतो, तर आडव्या दोन रेषांमुळे जगातील इतर चलनचिन्हांच्या पंगतीत बसतो.

परंतु मान्यता मिळाली म्हणजे प्रकल्प संपला असे नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत चिन्हाला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यानंतर संगणकप्रणालींत ते यावयास आणखी अवधी लागला. मधल्या काळात काही टंकांत ते दुसऱ्याच कळीच्या जागी बसविले गेले. असा मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, की रुपयाऐवजी भलतेच चिन्ह उमटे. युनिकोडपूर्व मराठी टंकांत शोधनिबंध लिहिलेल्या प्राध्यापकांना हा अनुभव नवा नाही!

ग्रामीण ग्राहकाचा विचार :

समजा, भोर तालुक्यातील भोंगवलीच्या एखाद्या महिला बचत गटास तांदळाच्या पिशवीचे आरेखन करून हवे आहे. बोलणे बहुधा रंगापासून सुरू होईल. ते मजकुरापासून सुरू व्हावयास हवे. निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, आवेष्टन करणाऱ्याचे नाव व पत्ता, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हा तपशील २०११ च्या वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार द्यावा लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना अथवा नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूणही हवी. वजनाच्या आकड्यांची किमान उंचीही नियमाने ठरते. हे सारे शेवटी आठवले, तर आधीची मांडणी मोडावी लागते.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. गावाच्या नावातच 'ल' आहे. अनेक प्रचलित टंकांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात; महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या दोन अक्षरांचे मराठी वळण प्रमाण मानले आहे. टंक निवडतानाच ही तपासणी करावी.

तिसरा प्रश्न खर्चाचा, आणि गटाच्या दृष्टीने तोच निर्णायक ठरतो. छापील प्लॅस्टिक पिशवी ग्रॅव्ह्यूर पद्धतीने करावयाची झाल्यास प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर कोरावा लागतो. कोरल्यानंतर पत्त्यातील चूक ध्यानी आली, तर तो सिलिंडर वाया जातो. म्हणून अंतिम मुद्रित गटातील जबाबदार व्यक्तीने मोठ्याने वाचावे व सही करून परत करावे. पहिल्या हंगामात तर साध्या पिशवीवर दोन रंगांचे चिकटलेबल लावणेच प्रस्तुत लेखकास श्रेयस्कर वाटते. किंमत बदलली तरी केवळ लेबलच पुन्हा छापावे लागते.