कोठाराला बत्ती देणारा किलिक

मी जन्मभर व्यापारी बोटींवर नोकरी केली. हत्यारबंद माणसं बोटीवर चढून माल उतरवून घेऊ लागली, की माझा जीव आधी कप्तानासाठी तुटतो. १९०२ सालच्या हैतीतल्या एका प्रकरणात मात्र मी हत्यारबंद माणसाच्या बाजूचा. त्याचं नाव ॲडमिरल हॅमर्टन किलिक.

त्या वर्षी मे महिन्यात अध्यक्ष सिमों साम पायउतार झाला आणि यादवी पेटली. एका बाजूला अँतेनॉर फिर्मां, सगळे मानववंश समान आहेत असं १८८५ साली ग्रंथ लिहून मांडणारा विद्वान. दुसऱ्या बाजूला हंगामी सरकार आणि सेनानी नॉर अलेक्सिस. किलिक आपली तोफनौका घेऊन फिर्मांला मिळाला. २ सप्टेंबरला त्याने ‘मार्कोमानिया’ ही जर्मन आगबोट अडवली आणि सरकारसाठी चाललेली शस्त्रं काढून घेतली. भांडणात एकाला शस्त्रं पुरवायची आणि दुसऱ्याने ती धरली की चाचेगिरी म्हणून ओरडायचं, हा न्याय माझ्या गळी उतरत नाही.

जर्मनीने ‘पँथर’ ही तोफनौका धाडली. दमदाटीचा हा मार्ग त्यांच्या सवयीचा होता. १८७२ साली दोन हैतियन जहाजं पकडून त्यांनी पैसे उकळले. १८९७ साली जर्मन बापाच्या एका मुलाला तुरुंगात टाकलं म्हणून राजधानीसमोर युद्धनौका उभ्या करून २०,००० डॉलर आणि वर माफी घेतली. दोन्ही वेळा हैतीने मुकाट्याने मोजले.

६ सप्टेंबरला गोनाईव्हच्या बंदरात किलिकची तोफनौका ‘क्रेत-आ-पियेरो’ नांगरलेली होती. ९४० टनांची, पँथरही साधारण तेवढीच. पण पँथरच्या पाठीशी अख्खं जर्मन आरमार होतं. बोट हवाली करा, असा पँथरच्या कप्तान एकरमानचा निरोप आला. किलिकने खलाशांना किनाऱ्यावर पाठवलं आणि दारूगोळ्याच्या कोठाराला बत्ती दिली. अंगाला झेंडा गुंडाळून सिगारने पेटवलं, असं हैतीत सांगतात. असेलही. मला आठवतं ते बोटीवरचं कोठार. तिथे ठिणगी पोचू नये म्हणून केवढी काळजी घेतलेली असते! ती सगळी मोडायला डोकं थंडच लागतं.

किलिक बोटीबरोबर गेला. उरलेल्या सांगाड्यावर पँथरने तोफा डागल्या. अद्दल घडवायची कुणाला, हे एकरमानलाच ठाऊक.

फिर्मां परागंदा झाला आणि डिसेंबरात नॉर अलेक्सिस अध्यक्ष झाला. हैतीच्या तटरक्षक दलाचा राजधानीजवळचा तळ किलिकच्या नावाने आहे. पँथर पुढे व्हेनेझुएलाच्या नाकेबंदीत गेली. १९०३च्या जानेवारीत सान कार्लोस किल्ल्याशी तिची तोफांची जुंपली, पण पाणी उथळ, जवळ जाता येईना. अर्ध्या तासात ती मागे फिरली.