द्वितीयेची ओहोटी

पहाटे ५.१५
गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या उत्तर टोकाजवळ केरी. पलीकडे तेरेखोल नदी. फेब्रुवारीचा गारवा अजून अंगणात आहे. दोघी जावा मागीलदारी बसून पायांत मोजे चढवतात. मोजे नातवाचे, शाळेचे, टाचेला फाटलेले. खडकावर चप्पल निसरते आणि अनवाणी पाय कालवांच्या धारेने चिरतात, म्हणून मोजेच बरे. धाकटी उजव्या तळहाताला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळते. थोरलीने चहा उभ्यानेच घेतला.

६.१०
किनाऱ्याचं दक्षिण टोक, हरमलच्या बाजूचे काळे खडक. उजेड जेमतेम. पाणी अजून उतरतंय. दोघींकडे एकेक लोखंडी पट्टी आहे. ट्रकच्या जुन्या पाट्यातून लोहाराने कापून दिलेली, वीतभर लांब, एका टोकाला धार. सोबत दोन टोपल्या, नायलॉनची जाळीची पिशवी, ओलं पोतं. भांडवल म्हणावं तर एवढंच.

७.१५
पूर्ण ओहोटी. आता खडकाचा तो भाग उघडा पडतो जो एरवी दिसत नाही, आणि तिथेच शिनाणी आहेत, खाण्याचे शिंपले. हिरवट-काळी, एकमेकांना खेटून, दगडाला दोऱ्यांनी घट्ट बांधलेली. थोरली पट्टी शिंपल्याच्या बुडाशी तिरकी घालते, मनगट वळवते, दोरे तुटल्याचा बारीक करकर आवाज येतो. ओढायचं नाही. ओढलं की शिंपला फुटतो, नाहीतर शेजारची दहा पिल्लं सोबत निघतात. बोटाच्या दोन पेरांपेक्षा लहान असेल त्याला ती हातच लावत नाही. "हीं मे म्हयन्यांत," एवढंच म्हणते.

पाठ समुद्राकडे कधीच नाही, हा नियम. दोघींपैकी एक खरवडते, दुसरी लाटेवर नजर ठेवते. थोड्या वेळाने पाळी बदलते. "लाट आयली गो!" ऐकलं की पट्टी दातांत आणि दोन्ही हातांनी खडक. लाट कमरेपर्यंत येते, ओसरते, काम पुन्हा सुरू. मी जवळ उभा राहून पाहत होतो. त्या वाकलेल्या पाठींकडे पाहताना ताटातल्या तळलेल्या शिनाण्याची किंमत मला पहिल्यांदा नीट कळली.

८.४०
पाणी चढू लागलं. दीड तासात दोघींनी मिळून तीनशेच्या आसपास काढली. धाकटीच्या करंगळीला कापलंय. समुद्राच्या पाण्याने धुतलं, घरी गेल्यावर हळद.

९.३०
मागीलदार. आता बसून करायचं काम, पण सोपं नाही. प्रत्येक शिंपल्यावरचे पांढरे किटण पट्टीने खरवडायचे, मग कडेला लोंबणारी दाढी चिमटीत धरून खेचायची. उघडं तोंड असेल तर दगडावर टिचकी. मिटलं तर जिवंत, टोपलीत. नाही मिटलं तर माडाच्या बुंध्यात. तीनशे शिंपले, दोन बायका, दोन तास.

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर याच कुळातले शिंपले ओकचे खांब चिखलात रोवून, त्यांवर दोर गुंडाळून वाढवतात; ओहोटीला माणसं गाड्या घेऊन खांबांपर्यंत जातात. पांढऱ्या वाईनमध्ये वाफवून, बटाट्याच्या तळलेल्या कापांबरोबर खातात. रिकाम्या शिंपल्याचाच चिमटा करून पुढचा शिंपला उचलतात. आपल्याकडेही दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९७०च्या दशकात तराफ्यावरून दोर सोडून शिनाणी वाढवून पाहिली होती, आणि ती चांगली वाढली. केरीच्या या मागीलदारी मात्र दोर पोचला नाही. इथे अजून खडकच शेत आहे, आणि ते पंधरवड्यातले चार-पाच दिवसच उघडतं.

११.४५
धाकटी स्कूटरवर दीडशे शिनाणी घेऊन हरमलला. शॅकवाला मोजून घेतो, एकेकाचे सात रुपये. एक हजार पन्नास, रोख. दर कमी, पण एका खेपेत काम होतं. मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरू लागली. शॅकवरची गिऱ्हाइकं आता तिथूनही येतात. मेनूवर या शिनाण्यांचा भाव काय लागतो, ते धाकटीने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

१२.१५
थोरली शंभर घेऊन फेरीबोटीच्या धक्क्यावर. सकाळी येऊन उपयोग नव्हता. जी ओहोटी खडक उघडते तीच नदीच्या मुखाशी वाळू उघडी पाडते, आणि बोट थांबते. आता पाणी भरलंय. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडच्या तेरेखोल गावाच्या धक्क्यावर ती पोतं अंथरून पंचवीस-पंचवीसचे चार वाटे लावते.

"वाट्याक कितें गो?"
"दोनशें."
"दीडशें दी."
"ल्हान काडूंक नात बाये, बघ एकेक."

तीन वाटे दोनशेला गेले. चौथा ऊन चढल्यावर दीडशेला.

३.००
जेवण. घरासाठी पन्नास ठेवली होती. थोरली विळीच्या पात्यावर शिंपला टेकवून उघडते, मांस एका अर्ध्यात ठेवते. मीठ, हळद, तिखट, सोलांचा आंबटपणा, वर रवा, तव्यावर मांसाची बाजू खाली. तेल तडतडतं. पाच मिनिटांच्या वर नाही, नाहीतर रबर होतं. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि कालची आमटी. बाहेरून कुरकुरीत, आत समुद्राचा खारटपणा अजून शाबूत. मी सहा खाल्ली. सातवं थोरलीने न विचारता वाढलं.

७.३०
हिशेब. शॅकचे एक हजार पन्नास, धक्क्यावरचे साडेसातशे. एकूण अठराशे. पेट्रोल साठ, बर्फ वीस, पिशव्या दहा. राहिले सतराशे दहा. प्रत्येकी आठशे पंचावन्न.

उद्या तृतीया. थोरली भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून तिथीची पाऊणपट करते. तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी ओहोटी. पंचमीनंतर खडक पुरता उघडत नाही. तेव्हा धाकटी काजूच्या बागेत मजुरीला जाईल, थोरली सुकट विकेल, पौर्णिमेपर्यंत. जून ते सप्टेंबर तर त्या खडकाचं नावच काढायचं नाही.

धाकटी पट्टी दगडावर घासायला बसली. करंगळीला हळद, वर चिंधी. "वैनी, उद्यां माका दावो हात वापरूंक जाय," ती म्हणाली. थोरली म्हणाली, "मगे तूं लाट बघ, हांव काडटां."